लीगल एड क्लिनिकमध्ये माझ्याकडून एका बाईंना चुकीची माहिती गेली. आम्ही विद्यार्थ्यांनी तिथं नेमकं काय करायचं असतं?

माणदेशी_लॉ

नमस्कार सगळ्यांना. मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज तालुक्याच्या गावी आहे, नाव सांगत नाही. कॉलेजच्या खालच्या मजल्यावर लीगल एड (मोफत कायदेशीर मदत) क्लिनिक आहे म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक रजिस्टर आणि बाहेर पाटी. दर शनिवारी दोघादोघांची ड्युटी लागते, बहुतेक शनिवारी कोणी येत नाही, आम्ही आपली जर्नलं लिहीत बसतो.

मागच्या महिन्यात एक मावशी आल्या. पन्नाशीच्या असतील, लोकांच्या रानात खुरपायला जातात. नवऱ्यानं आणि दिरानं मिळून घरातनं काढलंय, दोन वर्षं झाली भावाकडं राहतात आणि आता भावजय पण बोलायला लागलीय. बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच की "पोरी, केस करायला पैसं किती लागत्याल?" मी म्हटलं मावशी पैसे लागत नाहीत, सरकारी वकील फुकट मिळतो, पण त्याला तीन लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो तेवढा काढून आणा. वर्गात उत्पन्नाच्या मर्यादेचं शिकवलं होतं तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या बिचाऱ्या तलाठ्याकडं गेल्या, तिथनं सेतूत गेल्या, सेतूत सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी परत गेल्या तर रेशन कार्डावर अजून सासरचं नाव म्हणून अडवलं. दोन रोज बुडाले आणि पुढच्या शनिवारी दाखल्याशिवायच परत आल्या, मला म्हणाल्या "नाय जमलं बाई, जाऊ दे आता". त्या गेल्यावर मी कायदा उघडून नीट वाचला तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२, त्यात स्त्री आणि बालक असा वेगळाच खंड आहे, त्याला उत्पन्नाची अटच नाही!! त्यांना दाखल्याची गरजच नव्हती. मी सांगितलं म्हणून त्यांची दोन दिवसांची मजुरी गेली आणि वर त्यांचा धीरही सुटला, हे मला फार लागलंय.

त्यांच्या भावाचं गाव मला माहीत आहे, मी जाऊन भेटू शकते. पण जायच्या आधी मला नीट माहिती पाहिजे, परत चूक नको. आणि एक मोठा प्रश्न पण आहे. आम्हाला कोर्टात उभं राहता येत नाही, सनद (वकिलीचा परवाना) नाही, मग क्लिनिकमध्ये बसून आम्ही करायचं काय? फक्त "तिकडं जा" एवढं सांगायला मी तिथं बसते का? आणि लीगल एड आणि प्रो बोनो एकच का, आमच्याकडं दोन्ही एकच म्हणून लिहून देतात.

पॅनलवकील_११

आधी मावशींचं बघू, बाकीचं नंतर.

बाईमाणूस असेल तर उत्पन्न किती का असेना मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, मुलं, अपंग, कोठडीत किंवा जेलात असलेला माणूस, कारखान्यातला कामगार, वेठबिगारी किंवा मानवी व्यापाराचा बळी, दंगल, जातीय अत्याचार, पूर, भूकंप, दुष्काळ असल्यात सापडलेला माणूस, ह्या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. हो, दुष्काळ पण आहे त्यात, तुमच्या माणदेशात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या खंडाला, म्हणजे ज्याला दुसरं कुठलंच कारण लागू होत नाही त्याला. आणि त्यालासुद्धा दाखलाच पाहिजे असं नाही, कलम १३ चं दुसरं पोटकलम वाच, उत्पन्नाबद्दल माणसानं स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं तर ते पुरेसं धरता येतं, प्राधिकरणाला त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच पुढची चौकशी. कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की गरिबाला सगळ्यात अवघड असतं ते गरीब असल्याचा कागद मिळवणं.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा, साधा अर्ज, मराठीत. लिहिता येत नसेल तर तिथल्या माणसानं लिहून घ्यायचा असतो. २०१० चे विनियम आहेत नाल्साचे (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे), त्यात अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय करायला सांगितलंय, आणि नाकारला तर वर अध्यक्षांकडं अपील आहे. मी ११ वर्षं पॅनलवर, म्हणजे लीगल एडच्या केसेस घेणाऱ्या वकिलांच्या यादीत आहे मराठवाड्यात, बाईचा अर्ज नाकारलेला मी बघितला नाही, पण अर्ज करायच्या आधीच घरी परत गेलेल्या बाया मात्र खूप बघितल्या. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, साक्षीदाराचा खर्च सगळं त्यात येतं. पॅनलवरच्या कुणी पक्षकाराकडं पैसे मागितले तर सरळ सचिवांकडं तक्रार करायची, जिल्ह्याचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात.

एक शब्द मात्र बदल. "सरकारी वकील" म्हणू नकोस कधी. आपल्याकडं सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूनं केस चालवणारा. जेलातल्या माणसाला तू म्हणालीस की तुला सरकारी वकील देतो तर तो घाबरून नको म्हणतो, आणि बायांना वाटतं हा सरकारचा माणूस, आपलं कशाला ऐकेल. "तुमच्या बाजूचा वकील, फी सरकार देणार" असं सांगायचं. एवढ्या एका वाक्यानं समोरच्याच्या चेहऱ्यात फरक पडतो.

प्रो बोनो वेगळं. लीगल एड हा हक्क आहे, घटनेत ३९ अ आहे, ४२ व्या दुरुस्तीनं १९७६ साली आलं, वकील प्राधिकरण नेमतं, पैसे सरकार देतं. प्रो बोनो म्हणजे वकील आपणहून फी न घेता केस घेतो. बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत ४६ वा नियम आहे, गरजू माणसाला फी परवडत नाही म्हणून वकील मिळू नये असं होता कामा नये, आपली आर्थिक कुवत असेल तितपत मोफत मदत करणं हे वकिलाचं फार वरचं कर्तव्य आहे, अशा अर्थाचा. एक मागता येतं, दुसरं मागता येत नाही, मिळालं तर मिळालं. परीक्षेत दोन्ही एक म्हणून लिहू नकोस.

तुरुंगापलीकडे

मी लॉ शिकत असतानाच पीएलव्ही झाले म्हणजे विधी स्वयंसेवक, सनद मिळेपर्यंत विद्यार्थ्यांना होता येतं, जिल्हा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा आणि ट्रेनिंग घ्यायचं. आता मुंबईजवळच्या एका कारागृहात जाते. तुझा प्रश्न "आम्ही करायचं काय" हा मला तेव्हा रोज पडायचा म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एक मुलगा होता बावीस वर्षांचा, मराठवाड्यातनं कामाला आलेला, मोबाईल चोरीची केस. आम्ही बराकीत विचारत फिरत होतो की कुणाला वकील नाही, त्यानं हात वर केला नाही कारण त्याला वकील होता, कोर्टानं नेमून दिलेला. मी परत निघताना तो हळूच म्हणाला ताई माझी तारीख कधी आहे बघता का. मी बाहेर येऊन ई-कोर्टवर केस नंबर टाकला तर त्याचा जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले. पंधरा हजाराचा जामीनदार द्यायचा होता. त्याला माहीतच नव्हतं. वकिलानं अर्ज केला, युक्तिवाद केला, ऑर्डर मिळवली, त्यांचं काम त्यांनी केलं होतं, पण ऑर्डर आणि त्या मुलाच्या मध्ये जे अंतर होतं ते कुणाचंच काम नव्हतं.

मग पुढं काय केलं ते ऐक कारण ह्यातलं एकही काम असं नाही की ज्याला सनद लागते. त्यानं मावशीचा फोन नंबर सांगितला, एक आकडा चुकलेला. गावाचं नाव त्याला नीट माहीत होतं म्हणून मी तिथल्या पोलीस ठाण्यात फोन करून पोलीस पाटलाचा नंबर मिळवला, पाटलांनी मावशीच्या घरी जाऊन फोन जोडून दिला. मावशी म्हणाली जामीनदार कुठनं आणू, जमीन नाही सातबारा नाही. मग सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश काढले, जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं असं त्यात आहे. ह्याच्या आधी १९७८ चा मोती रामचा निकाल आहे, मध्य प्रदेशातला गवंडी, मॅजिस्ट्रेटनं दहा हजाराचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीनदार राहतो म्हणाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारलं, सुप्रीम कोर्टानं रक्कम हजारावर आणली आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही हे मोडून काढलं. मी हे सगळं एका कागदावर मांडून त्याच्या वकिलांना दिलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला, मुलगा वैयक्तिक मुचलक्यावर सुटला.

मी कोर्टात एक शब्द बोलले नाही. उभी होते मागच्या बाकाजवळ.

म्हणून तुला सांगते, केस लढणं हा लीगल एडचा फक्त मधला भाग आहे. त्याच्या आधीचं म्हणजे माणसाला त्या दारापर्यंत नेणं आणि त्याच्या नंतरचं म्हणजे ऑर्डर हातात पडून तिचा उपयोग होईपर्यंत मागं लागणं, ही दोन्ही टोकं मोकळी पडलेली असतात आणि ती विद्यार्थ्यांना धरता येतात. पॅनलच्या वकिलांवर फाईलींचा ढीग असतो, त्यांना पोलीस पाटलाला फोन करायला वेळ कुठला.

अजून एक. शीला बारसेंची केस वाच, १९८३ ची, आपल्या मुंबईची. त्या पत्रकार होत्या, मुंबईच्या जेलात पंधरा बायकांशी बोलल्या, त्यातल्या पाच जणींनी लॉकअपमध्ये पोलिसांनी मारहाण केल्याचं सांगितलं, बारसेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि पत्रावरच केस झाली. कोर्टानं जेलात जाऊन पाहणी करायला कुणाला सांगितलं तर निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. वकिलाला नाही. अटक झाली की पोलिसांनी लगेच जवळच्या लीगल एड कमिटीला कळवायचं हा आदेश त्याच निकालातला. नीट ऐकून घेणाऱ्या आणि नीट लिहून काढणाऱ्या माणसांमुळे हे झालं, आणि हे आपल्याला पहिल्या वर्षापासून करता येतं.

काळाकोट_नवा

मी वेगळं बोलतोय, राग मानू नका. सनद मिळून दोन वर्षं झाली, तालुक्याला प्रॅक्टिस करतो म्हणजे सीनियरच्या बॅगा उचलतो आणि तारखा घेतो. घरी वडील विचारतात महिन्याला किती आणतोस. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ ला परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, पण ती शिफारस आहे, बंधन नाही, माझ्या ओळखीत कुणालाच तेवढे मिळत नाहीत. आणि कॉलेजात असल्यापासून सगळे सांगतात सेवा करा, प्रो बोनो करा. ज्याच्या घरी आधीच वकिली आहे, ऑफिस आहे, त्याला जमेल. माझ्यासारख्याच्या घरचे लोकच उद्या लीगल एडच्या रांगेत उभे राहणारे आहेत. त्या मुलीनं मावशीसाठी गावाला जायचं तर एसटीचं भाडं पण तिच्या खिशातनं जाणार ना. हे कोण बोलणार?

पॅनलवकील_११

बरोबर बोललास, राग कशाला मानू. पॅनलची फी कमी आहे आणि ती बिलं लवकर निघत नाहीत हे मी रोज भोगतो. म्हणूनच सगळं चांगुलपणावर सोडून चालत नाही. २०२२ पासून नाल्सानं लीगल एड डिफेन्स कौन्सिल सुरू केलं, फौजदारीसाठी, पगारी पूर्णवेळ वकील, चीफ, डेप्युटी आणि असिस्टंट, त्यांना बाहेरची प्रॅक्टिस करता येत नाही. आपल्याकडं जिल्ह्याजिल्ह्यात ऑफिसं झाली आहेत. असिस्टंटच्या जागा नवीन मुलांसाठीच असतात, जिल्हा न्यायालयाच्या वेबसाईटवर जाहिरात निघते, लक्ष ठेव. कामही चांगलं शिकायला मिळतं कारण रिमांडपासून अपिलापर्यंत सगळं स्वतः करावं लागतं.

आणि स्वस्तातला वकील म्हणजे कसातरी वकील असं चालत नाही हे सुप्रीम कोर्टानं पण सांगितलंय. अनोखीलाल केस, २०१९, मध्य प्रदेशातली. फाशीची केस, आरोपीला वकील ज्या दिवशी नेमून दिला त्याच दिवशी आरोप ठेवले, सगळा खटला पंधरा दिवसांच्या आत उरकला. सुप्रीम कोर्टानं निकाल रद्द करून खटला परत चालवायला लावला आणि ठरवून दिलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा केसमध्ये किमान १० वर्षं प्रॅक्टिस झालेलाच वकील नेमायचा आणि तयारीला साधारण ७ दिवस तरी द्यायचे.

एसटीच्या भाड्याचं म्हणशील तर कॉलेजनं द्यायला पाहिजे. क्लिनिक चालवायची जबाबदारी बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी कॉलेजवर टाकलेली आहे, मुलांच्या खिशावर नाही. हे प्राचार्यांकडं लेखी मागा, तोंडी नको.

शिरस्तेदार_काका

पोरी, मी कोर्टात ३४ वर्षं नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून रिटायर झालो. वकील लोकांनी कायदा सांगितला, मी कागद सांगतो.

मावशींना घेऊन जाशील तेव्हा आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, लग्नाचा काही पुरावा असला तर, पत्रिका, फोटो, मुलाच्या शाळेचा दाखला ज्यात आईबापाचं नाव आहे, आणि रेशन कार्ड सासरचं असलं तरी तेच घेऊन जा, उलट ते कामाचं आहे, त्या त्या घरात राहत होत्या याचा तो पुरावा आहे. सेतूनं ज्या कागदावरनं अडवलं तोच कागद कोर्टात त्यांच्या बाजूचा आहे बघ.

सकाळी ११ च्या आत जाऊ नकोस आणि सोमवारी तर जाऊच नकोस, बोर्ड भरलेला असतो. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी गेलं की समितीचा क्लार्क निवांत भेटतो. अर्जाची पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह. पोच नसली तर ७ दिवस कुठनं मोजणार? वकील नेमल्याचं पत्र निघतं त्याची एक प्रत मावशींना द्यायला सांग आणि वकिलाचा मोबाईल नंबर त्याच्या मागं मोठ्या आकड्यात लिहून दे. लोक तारखेला येतात आणि आपला वकील कोण हेच त्यांना माहीत नसतं, व्हरांड्यात बसून बसून संध्याकाळी घरी जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय कितीतरी वेळा.

आपल्या राज्यात १९९४ च्या अधिसूचनेप्रमाणे पोटगी, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. म्हणजे लीगल एड घेतलं नाही, स्वतःचा वकील लावला, तरी माफ आहे. हे वकिलांना माहीत असतं पण बायकांना कोणी सांगत नाही.

आणि केस कुठली टाकायची ते वकील ठरवतील पण तू वाचून जा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात राहायच्या घराचा आदेश मागता येतो, पोटगी मागता येते. तालुक्याला किंवा जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात महिला व बालविकास खात्याचे, त्यांच्याकडं जाऊन घटनेचा अहवाल तयार करून घेता येतो, तो कोर्टात जातो. नुसत्या पोटगीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झालंय. पोटगी अर्ज केल्या तारखेपासून मिळते, २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातनं वर गेलेला. म्हणून अर्ज लवकर पडणं महत्त्वाचं, एकेक महिना उशीर म्हणजे एका महिन्याचे पैसे गेले. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस पण आता थांबू पण नकोस.

सेम६

काका +१, पोचचं तर शंभर टक्के.

आमच्या कॉलेजात पण दोन वर्षांपूर्वी हीच अवस्था होती, शिबिर घ्यायचं, गावात फ्लेक्स लावायचा, सरपंचांचा सत्कार, फोटो, अहवाल, संपलं. शिबिरात एकदा एका आजोबांनी माईक घेऊन विचारलं की माझ्या पोरानं जमीन नावावर करून घेतली आणि आता जेवायला देत नाही तर मी कुणाकडं जाऊ, आणि आमच्यातल्या एकालाही नीट उत्तर देता आलं नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा अभ्यासक्रमात होता, पेपरला सोडवला होता सगळ्यांनी. पण अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, तिथं प्रांत साहेबच न्यायाधिकरण असतात, जमीन देताना सांभाळायची अट घातली असेल आणि मुलगा सांभाळत नसेल तर कलम २३ खाली ते हस्तांतरणच रद्द करून मागता येतं, हे कुणाला सांगता आलं नाही. आजोबांना आम्ही नंबर घेऊन सोडलं.

मग आम्ही रजिस्टर बदललं. आधी रकाने होते नाव, पत्ता, विषय, दिलेला सल्ला, सही. आम्ही सल्ल्याच्या पुढं दोन रकाने वाढवले, "पुढची तारीख" आणि "पुढं काय झालं". आणि नियम केला की ज्यानं माणसाचं ऐकलं त्यानंच पंधरा दिवसांनी फोन करायचा. पहिल्या महिन्यात लाज वाटायची वेळ आली कारण "पुढं काय झालं" मध्ये बहुतेक ठिकाणी "गेले नाहीत" असंच होतं. का गेले नाहीत विचारलं तर कारणं अशी की कोर्टाची भीती वाटते, रोज बुडतो, बरोबर कोण येणार. मग आम्ही जोडीनं बरोबर जायला लागलो, आणि आकडे बदलले नाहीत असं नाही पण मला आकड्यापेक्षा हे सांगायचंय की आम्हाला तेव्हा पहिल्यांदा तालुक्याचं कोर्ट आतनं कळलं. नाझर कोण, बेंच क्लार्क कोण, रोजनामा कसा वाचायचा, एमसीआर पीसीआर (न्यायालयीन कोठडी आणि पोलीस कोठडी) म्हणजे काय, हे मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात) कुणी शिकवत नाही.

क्लिनिकमध्ये बोलताना दोन गोष्टी आम्ही पाळतो. पक्कं माहीत नसेल तर "मी विचारून सोमवारी फोन करते" असं म्हणायचं, अंदाजानं काही सांगायचं नाही, तुझ्या बाबतीत एवढंच झालं असतं तर मावशींचा रोज वाचला असता. आणि त्यांची गोष्ट वर्गात, ग्रुपवर, स्टेटसवर कुठंही नाही, फोटो तर अजिबात नाही. गावं लहान असतात, कोण कोणाची बायको ते लगेच कळतं.

इंटर्नशिपचं पण सांगते, तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे करावीच लागते, सगळी मोठ्या वकिलाकडं करायच्या ऐवजी त्यातले चार आठवडे जिल्हा प्राधिकरणात कर. आणि १५१०० हा नाल्साचा टोल फ्री नंबर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा, क्लिनिक शनिवारीच उघडं असतं पण माणसाला मंगळवारी घराबाहेर काढतात.

माणदेशी_लॉ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण सांगायला काहीतरी असावं म्हणून थांबले होते.

मी आणि माझी ड्युटीची मैत्रीण रविवारी मावशींच्या भावाच्या गावी गेलो. आधी मी त्यांना सरळ सांगितलं की मावशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, दाखला लागत नाही, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. त्या काही बोलल्या नाहीत थोडा वेळ. मग म्हणाल्या "म्हंजे त्यो सेतूवाला बी चुकला न्हवता आन मी बी न्हवते." त्यांना इतके दिवस वाटत होतं की आपलाच कागद खोटा पडला, आपल्याला हक्कच नाही. हे मला आधी सुचलंच नव्हतं, मी नुसती मजुरीचाच विचार करत होते. भावजय पण ऐकत होती आत, मग तिनंच विचारलं पोटगी मिळाली तर किती दिवसांनी.

"सरकारी वकील" हा शब्द काढला नाही ह्यावेळी. तुमच्या बाजूचा वकील म्हटलं.

बुधवारी तालुक्याच्या कोर्टात गेलो, काकांनी सांगितलं तसं जेवणाच्या सुट्टीच्या आधी. क्लार्कनी फॉर्म दिला, मी मराठीत भरला, मावशींना वाचून दाखवला, दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली (दिराचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, आणि घर सोडलं ते पौष महिन्यात, मी मार्च लिहिलं होतं). क्लार्कनी उत्पन्नाचा दाखला मागितलाच! मी कलम १२ चा तो खंड दाखवला, बरोबर झेरॉक्स ठेवली होती, त्यांनी वाचलं आणि काही न बोलता शिक्का मारला. पोच घेतली. रेशन कार्ड जोडलं. सहाव्या दिवशी वकील नेमल्याचं पत्र आलं, एक वकील ताई मिळाल्यात, त्यांचा नंबर मावशींच्या पत्राच्या मागं मोठ्या आकड्यात लिहून दिलाय.

काळाकोट_नवा दादा, तुमचं बोलणं मला पटलं. एसटीच्या भाड्याचा अर्ज आम्ही चौघींनी मिळून प्राचार्यांना लेखी दिलाय, त्याची पण पोच घेतली. उत्तर अजून नाही. रजिस्टरला दोन रकाने सध्या आम्ही पेननं आखलेत.

पीएलव्हीचा अर्ज पण भरलाय, तुरुंगापलीकडे ताई, ट्रेनिंग कधी लागतं ते बघायचं.

आता एक विचारायचंय. वकील ताई म्हणाल्या की संरक्षण अधिकाऱ्यांकडनं घटनेचा अहवाल आला की लगेच केस दाखल करू. आम्ही शुक्रवारी तिथं गेलो तर मॅडम दौऱ्यावर, मंगळवारी या म्हणाले. मावशींना मंगळवारी कांद्याच्या काढणीचं काम आहे, परत रोज बुडवायला लावायचा माझा जीव होत नाही. त्या न जाता मी त्यांची हकीकत लिहून, सही घेऊन, देऊन आले तर चालतं का, का त्यांनाच यावं लागतं? कुणी हे केलं असेल तर सोमवारच्या आत सांगा प्लीज.

शिरस्तेदार_काका

हकीकत लिहून नेलीस तर घेतील, सुरुवात होईल. तक्रार बाईनंच करायला पाहिजे असं नाही, दुसरा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, कायद्यातच आहे. पण अहवालावर सहीला आणि चार प्रश्न विचारायला त्यांना एकदा बोलावतीलच. सोमवारी सकाळी ऑफिसला फोन कर आणि मॅडमना विचार की संध्याकाळी काम सुटल्यावर पाच-साडेपाचला आल्या तर चालेल का. बहुतेक हो म्हणतात, विचारणारं कोणी नसतं एवढंच. आणि हकीकत त्यांच्याच शब्दात लिही, पौष महिना तर पौष महिनाच.